दादरला लोकल पकडताना आणि बदलताना: नवख्यांसाठी

दादरची भीती घालताना सगळे गर्दीचंच नाव घेतात. पण गर्दी अंधेरीलाही असते आणि ठाण्यालाही. दादरची गोम अशी की इथे वेस्टर्न आणि सेंट्रल या दोन वेगळ्या रेल्वे एकमेकींना खेटून उभ्या आहेत. पुलांवरून दोन्हीकडची माणसं आरपार वाहत असतात आणि चुकीचा जिना उतरलात, तर परत वर येताना अख्ख्या लोंढ्याला छाती लावावी लागते. त्यामुळे जे काही ठरवायचं ते पुलावरच ठरवायचं आणि मग जिन्याला पाय लावायचा. लाइन कोणती, दिशा कोणती, स्लो (सगळीकडे थांबणारी) की फास्ट (मोजक्या स्टेशनांवर थांबणारी) आणि डबा कुठला, या चार गोष्टी पक्क्या असल्या की दादर सोपं आहे.

आधी लाइन

वेस्टर्न म्हणजे चर्चगेट ते विरार आणि पुढे डहाणू रोड. वांद्रे, अंधेरी, गोरेगाव, बोरिवली, वसई हे सगळं इकडे. सेंट्रल म्हणजे सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कल्याण. कल्याणला तिला दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जत-खोपोलीकडे. कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, ठाणे, डोंबिवली सेंट्रलवर.

हार्बर लाइन दादरला येत नाही, हे आधीच डोक्यात ठेवा. चेंबूर, वाशी, बेलापूर, पनवेलला जायचं तर दादरहून सेंट्रलची स्लो लोकल धरून कुर्ल्याला उतरायचं आणि पूल ओलांडून हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर जायचं. फास्ट गाड्यांपैकी काहीच कुर्ल्याला थांबतात. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही स्टेशनं ट्रान्स-हार्बरवर आहेत, त्यांच्यासाठी ठाणे गाठायचं.

नावांनी फसवणारी स्टेशनं चार-पाच आहेत. मुंबई सेंट्रल हे स्टेशन वेस्टर्न लाइनवर आहे. नाव ऐकून सेंट्रलच्या गाडीत बसलेला माणूस भायखळ्यापर्यंत खिडकीबाहेर पाटी शोधत राहतो. माटुंगा सेंट्रलवर, माटुंगा रोड वेस्टर्नवर. परळ सेंट्रलवर, लोअर परळ वेस्टर्नवर. जुनी माणसं एल्फिन्स्टन म्हणतात ते आजचं प्रभादेवी, तेही वेस्टर्नवर आणि परळ स्टेशनला पुलानं जोडलेलं. पत्ता विचारताना नुसतं 'माटुंगा' किंवा 'परळ' ऐकून निघू नका. 'वेस्टर्नचं की सेंट्रलचं?' हा प्रश्न मुंबईत कुणालाच विचित्र वाटत नाही.

प्लॅटफॉर्मचे नंबर

पूर्वी दादरला एक नंबरचे प्लॅटफॉर्म दोन होते, एक वेस्टर्नचा आणि एक सेंट्रलचा. 'एक नंबरवर भेटू' म्हणून दोन माणसं दोन एक नंबरांवर ताटकळत राहायची. ९ डिसेंबर २०२३ पासून नंबर सलग झाले. १ ते ७ वेस्टर्नचे, ८ ते १४ सेंट्रलचे. सेंट्रलचा जुना एक आता आठ आहे. जुना दोन नंबर काढून त्याची जागा शेजारच्या प्लॅटफॉर्मला रुंदीसाठी दिली, त्यामुळे जुना तीन म्हणजे आताचा नऊ, चार म्हणजे दहा आणि तसंच पुढे. रोजच्या प्रवाशांच्या तोंडून जुने नंबर अजून पूर्ण गेलेले नाहीत. कुणी 'सेंट्रलचा तीन नंबर' म्हणालं तर नऊकडे वळा.

नंबर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात. फुलबाजार, कबुतरखाना, रानडे रोड, शिवाजी पार्क ही पश्चिम बाजू. दादर टीटी आणि हिंदू कॉलनी पूर्वेला. पुलावर दिशाभूल झाली तर पाट्यांवर चढता नंबर कुठल्या बाजूला आहे ते बघायचं, तिकडे पूर्व.

दोन्ही लाइनींवर स्लोचे ट्रॅक पश्चिमेच्या अंगाला आणि फास्टचे त्यांच्या पूर्वेला आहेत. सेंट्रलला ८ आणि ९ हे स्लोचे प्लॅटफॉर्म धरून चाला, फास्ट त्यापलीकडे, आणि लांब पल्ल्याच्या गाड्या टोकाला. तरी आयत्या वेळी गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर घेतली जाते, तेव्हा घोषणा होते. कानात गाणी लावून उभ्या असलेल्यांची गाडी अशाच वेळी शेजारून निघून जाते.

दिशेसाठी दोन शब्द पुरतात. 'अप' म्हणजे चर्चगेट किंवा सीएसएमटीकडे, 'डाउन' म्हणजे विरार किंवा कल्याणकडे. सकाळी अप तुडुंब, संध्याकाळी डाउन तुडुंब. साडेसात ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ हा गर्दीचा वेळ. पहिल्या दिवशी या वेळा टाळता आल्या तर जरूर टाळा.

तिकीट

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी: लाइन बदलली म्हणून दादरला नवं तिकीट काढायचं नसतं. बोरिवलीहून ठाण्याला जाणाऱ्यानं बोरिवलीलाच थेट 'ठाणे, दादरमार्गे' असं तिकीट काढायचं. खिडकीवर तसंच सांगायचं आणि अ‍ॅपवर मार्ग निवडताना दादर निवडायचं. पुष्कळ नवखे दादरला उतरतात, बाहेर येतात, रांगेत उभे राहतात आणि अर्धा तास घालवतात.

सेकंड क्लासचं कमीत कमी भाडं ५ रुपये आहे. तिकीट खिडकीवर मिळतं, एटीव्हीएम मशिनवर मिळतं आणि मोबाइलवरही. मशिनशेजारी बहुधा तिकीट काढून देणारा मदतनीस असतो, त्याच्याकडून काढणं सर्वांत झटपट. रेल्वेचं अधिकृत अ‍ॅप 'रेलवन' आहे. मोबाइल तिकिटात नवखे तीन ठिकाणी अडकतात. एक, पेपरलेस तिकीट स्टेशनच्या आत किंवा गाडीत बसून काढता येत नाही, फोनचं ठिकाण तपासलं जातं. तेव्हा जिना चढण्याआधी रस्त्यावरच काढा. दोन, तिकिटाचा स्क्रीनशॉट चालत नाही, अ‍ॅप उघडून दाखवावं लागतं. तीन, बॅटरी. टीसीसमोर फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट.

विनातिकीट सापडलात तर भाडं आणि वर कमीत कमी २५० रुपये. सेकंडच्या तिकिटावर फर्स्ट क्लासमध्ये बसलात तरी तोच भुर्दंड, वर भाड्यातला फरक. फर्स्टच्या डब्यावर लाल-पिवळे तिरके पट्टे असतात. गाडी थांबली की घाईत समोरच्या रिकाम्या डब्यात उडी मारायचा मोह होतो, आणि सकाळच्या वेळी कुठलाही डबा रिकामा दिसला तर तो का रिकामा आहे याचा आधी विचार करा. बहुतेक वेळा तो फर्स्ट असतो, लेडीज असतो, दिव्यांगांचा असतो किंवा मच्छीच्या टोपल्यांचा लगेज डबा असतो.

एसी लोकलचं तिकीट वेगळं. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला वेस्टर्नवर धावली, आता सेंट्रलवरही आहेत. साधं फर्स्ट क्लासचं तिकीट तिथे चालत नाही. तिचे दरवाजे आपोआप बंद होतात, त्यामुळे धावत येऊन दांडा पकडायची सवय तिथे उपयोगाची नाही.

रोजचा प्रवास असेल तर पास काढा. महिन्याचा, तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा आणि वर्षाचा असे मिळतात. पासवर ओळखपत्राचा नंबर असतो, ते ओळखपत्र जवळ हवं. पास दादर ते कल्याण असेल तर तो परळला चालत नाही. हे सांगायचं कारण पुढे, जागेच्या गोष्टीत येईल.

इंडिकेटर वाचणं

प्लॅटफॉर्मवर टांगलेल्या इंडिकेटरवर एका ओळीत सगळं लिहिलेलं असतं: गाडीची वेळ, शेवटच्या स्टेशनचं इंग्रजी अक्षर, स्लो की फास्ट, आणि डबे १२ की १५. गाडी किती मिनिटांत येते तेही दिसतं, मात्र ती मिनिटं लोकलची मिनिटं, घड्याळाशी त्यांचं फारसं जमत नाही.

अक्षरं पाठ करून टाका. सेंट्रलवर 'के' कल्याण, 'टी' ठाणे, 'ए' अंबरनाथ, 'सी' कुर्ला. 'एन' म्हणजे कसारा आणि 'एस' म्हणजे कर्जत. या दोघांचा गावाच्या नावाशी संबंध नाही, कसाऱ्याचा फाटा उत्तरेकडचा आणि कर्जतचा दक्षिणेकडचा म्हणून ही अक्षरं पडली. वेस्टर्नवर तेच 'ए' अंधेरी होतं, 'व्ही' विरार, 'बीओ' बोरिवली, 'सी' चर्चगेट. म्हणजे 'सी' दिसला की आधी आपण कुठल्या रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर आहोत ते आठवायचं.

खरी चूक होते ती 'एस' वर. स्टेशनच्या रकान्यात 'एस' असेल तर कर्जत, वेगाच्या रकान्यात 'एस' असेल तर स्लो. 'एस एफ' अशी जोडी दिसली की ती कर्जत फास्ट. 'के एस' म्हणजे कल्याण स्लो. रोजच्या माणसाला यात काही वाटत नाही, पण नवखा 'एस' बघून स्लो समजतो, विक्रोळीला जायला निघतो आणि गाडी विक्रोळी न थांबता ओलांडते.

फास्ट कुठे थांबते याचा अंदाज असा. सेंट्रलच्या डाउन फास्टला दादरनंतर घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण हे ठरलेले. कुर्ला, भांडुप, मुलुंड काही गाड्यांना. वेस्टर्नला वांद्रे, अंधेरी, बोरिवली, आणि बोरिवलीच्या पुढे बहुतेक गाड्या सगळीकडे थांबतात. अपला सेंट्रलची फास्ट भायखळा घेऊन सीएसएमटी, वेस्टर्नची मुंबई सेंट्रल घेऊन चर्चगेट. शंका असेल तर स्लो पकडा. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील, पण स्टेशन हुकणार नाही.

मोबाइलवर एम-इंडिकेटर बहुतेकांकडे असतं, वेळापत्रकासाठी ते उत्तम. गाडी या क्षणी कुठे आहे ते बघायला रेल्वेचं 'यात्री' अ‍ॅप आहे.

कुठे उभं राहायचं

लोकल दादरला अर्धा मिनिट थांबते, कधी त्याहून कमी. तेवढ्यात डबा शोधत पळणं शक्य नाही. डबा आधीच ठरवून त्याच्या जागेवर उभं राहावं लागतं. लेडीज आणि फर्स्टच्या जागा प्लॅटफॉर्मवर पाट्यांनी किंवा रंगांनी दाखवलेल्या असतात. दिव्यांगांच्या डब्याच्या जागी अंध प्रवाशांसाठी टूं-टूं आवाज करणारा भोंगा अनेक स्टेशनांवर लावलेला आहे. १५ डब्यांची गाडी असेल तर या जागा सरकतात, म्हणून इंडिकेटरवरचा डब्यांचा आकडा बघायचा.

जनरल डब्यासाठी साधा हिशेब: पुलाच्या जिन्यापाशी कधीच उभे राहू नका. जिना उतरणारा प्रत्येक माणूस तिथेच थांबतो. चाळीस-पन्नास पावलं पुढे किंवा मागे गेलात तरी फरक कळतो, अगदी टोकाला गेलात तर आणखी. मात्र आपल्या उतरायच्या स्टेशनवर पूल कुठल्या टोकाला आहे तेही कालांतरानं जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर इथे वाचवलेला वेळ तिथे जातो.

कुठली गाडी घ्यायची नाही, हेही सांगायला हवं. संध्याकाळी अंधेरी किंवा बोरिवलीला जायला विरार फास्ट पकडू नका. गाडी तिथे थांबते, नियमानं अडचण काही नाही, पण विरारची माणसं दाराशी अशी घट्ट उभी असतात की तुम्हाला उतरता येईलच याची खात्री नाही. शिवाय बोलणी बसतात ती वेगळी. सेंट्रलला घाटकोपर-ठाण्यासाठी कर्जत-कसारा फास्टची तीच कथा. त्यांच्याकडे लांबच्या गावाला जाणाऱ्या मोजक्या गाड्या असतात, त्यामुळे त्यांचा राग समजण्यासारखा आहे. ठाण्याला जायचं तर ठाणे लोकल, बोरिवलीला जायचं तर बोरिवली.

बसायला जागा हवी असेल तर जिथून गाडी सुटते तिथून पकडा. पूर्वी दादरहून सुटणाऱ्या सेंट्रलच्या काही स्लो गाड्या २०२३ पासून परळहून सुटतात. काहीजण उलटे परळला जाऊन त्यात बसून येतात. जा, पण तिकीट परळपासूनचं हवं, दादरचा पास त्या एका स्टेशनसाठी चालत नाही.

चढताना, उतरताना

गाडी शिरताना पिवळ्या रेषेच्या मागे. बॅग पाठीवरून काढून छातीवर घ्या. पाठीवरची बॅग दारात अडकते, मागच्याला लागते आणि तिच्या चेनवर तुमचं लक्ष राहत नाही. मोबाइल पुढच्या खिशात किंवा बॅगेत. गाडी थांबली की दाराच्या मधोमध उभं राहायचं नाही, कडेला व्हायचं. उतरणारे मधून येतात, आणि दादरला उतरणाऱ्यांच्या मध्ये आलेला माणूस गाडीपासून पाच फूट लांब फेकला जातो. लोंढा सरला की कडेच्या दांड्याला धरून आत. आत गेलात की दारात रेंगाळू नका, दोन सीटांच्या मधल्या जागेत शिरा. तिथे हवा कमी असते, धक्के मात्र कमी बसतात. दाराच्या खांबापाशी टेकून उभं राहणं सुखाचं वाटतं, पण प्रत्येक स्टेशनला तुम्हीच अडथळा असता.

बाकावर तिघांची जागा असते, चौथा टेकतो. 'थोडं सरका' म्हटलं की माणसं सरकतात. बसलेल्याला 'कुठे उतरणार?' विचारलं आणि तो 'घाटकोपर' म्हणाला, तर ती जागा घाटकोपरनंतर तुमची. हा करार कुठे लिहिलेला नाही, पण पाळला जातो.

उतरायची तयारी एक स्टेशन आधी. स्लो गाडीनं दादरला उतरायचं तर सेंट्रलच्या अपला माटुंगा गेलं की, वेस्टर्नच्या अपला माटुंगा रोड गेलं की दाराकडे सरका. फास्टला बरंच आधी: सेंट्रलला घाटकोपर सोडल्यावर, वेस्टर्नला वांद्रे सोडल्यावर. पुढच्या माणसाला 'दादर?' इतकंच विचारायचं. तो हो म्हणाला तर त्याच्या मागे निमूट उभे राहा, तो उतरला की तुम्ही उतरणारच. नाही म्हणाला तर जागा बदलून घ्या. सकाळच्या गाडीत दादर हे असं स्टेशन आहे की योग्य रांगेत उभं राहिलं तर पाय उचलावे लागत नाहीत.

दार कुठल्या बाजूला येईल हे माहीत नसेल तर तेही शेजारच्याला विचारा. स्टेशन हुकलं तर घाबरून चालत्या गाडीतून उतरू नका. पुढच्या स्टेशनला उतरा, पूल ओलांडा, उलटी गाडी पकडा. लोकलमध्ये हुकलेलं स्टेशन दहा मिनिटांत परत येतं. दाराबाहेर लोंबकळू नका, वळणावर शेजारच्या ट्रॅकवरची गाडी फार जवळ येते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ असेच दारात लटकलेले प्रवासी खाली पडून दगावले. रूळ ओलांडण्याबद्दल तर वेगळं सांगायला नकोच.

लाइन बदलणं

वेस्टर्नहून सेंट्रलला किंवा उलट जाताना, गाडीतून उतरल्यावर पहिल्या दिसलेल्या जिन्याला न चिकटता पुढचा जिना बघा, तो बहुधा मोकळा असतो. पूल चढल्यावर आपली बाजू धरून चाला आणि पाटी वाचायला मधोमध थांबू नका, कठड्याला टेकून वाचा. गर्दीच्या वेळी बदलीला दहा मिनिटं धरा, एरवी पाच पुरतात. टीसी बहुधा जिन्याच्या माथ्यावर उभे असतात, तिकीट हाताशी ठेवा.

दोन्हीकडे स्लोच पकडणार असाल तर दादरऐवजी प्रभादेवी-परळला बदली करता येते. चालणं कमी पडतं. फास्ट तिथे थांबत नाहीत.

पावसात जिन्यावर थांबायचं नाही, हा नियम मात्र जिवाशी निगडित आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला प्रभादेवी-परळच्या त्याच जोडपुलाच्या जिन्यावर पाऊस चुकवायला माणसं थांबली, मागून येणारे चढत-उतरत राहिले आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. भिजा, पण जिना मोकळा ठेवा.

रविवार, पावसाळा, रात्र

रविवारी मेगाब्लॉक. साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार, दुरुस्तीसाठी काही ट्रॅक बंद ठेवतात. वेस्टर्नवाले त्याला जम्बो ब्लॉक म्हणतात. सेंट्रलला फास्ट गाड्या स्लोच्या ट्रॅकवर आल्या तर जास्त ठिकाणी थांबतात, तेव्हा वेळ लागतो. उलट स्लो गाड्या फास्टच्या ट्रॅकवर गेल्या तर विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला थांबत नाहीत, कारण तिथे फास्ट मार्गाला प्लॅटफॉर्म नाहीत. शनिवारी पेपरात किंवा अ‍ॅपवर बघून घ्या.

जोराच्या पावसात सायन-कुर्ला पट्ट्यात पाणी भरलं की सेंट्रल रखडते. अशा वेळी वेस्टर्न सुरू असते की नाही ते बघून निर्णय घ्या. ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, चैत्यभूमीला येणाऱ्या लाखोंच्या गर्दीनं स्टेशन भरलेलं असतं. जादा गाड्या सोडतात, तरी त्या दिवशी दादरला बदली करायचं टाळता आलं तर टाळा.

रात्री साधारण एक ते चार लोकल बंद असतात. शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहायचं तर तिची वेळ त्याच दिवशी तपासा, वेळापत्रक बदलतं. रात्री लेडीज डब्यात पोलिस असतात. काही अडलं तर १३९ हा रेल्वेचा नंबर आणि १५१२ रेल्वे पोलिसांचा. बॅग गाडीत राहिली तर गाडीची वेळ, शेवटचं स्टेशन आणि डबा कितवा हे तीन तपशील लगेच सांगता आले, तर पुढच्या स्टेशनवर ती काढून ठेवता येते. डबा मोजायचा तो इंजिनाकडून, असं म्हणायची पद्धत आहे, पण लोकलला इंजिन वेगळं नसतं. म्हणून 'चर्चगेटच्या बाजूनं चौथा' किंवा 'कल्याणच्या बाजूनं तिसरा' असं सांगा.